माणसाला लस, मग कोंबडीला खड्डाच का? बर्ड फ्लूच्या लसीचं नेमकं काय अडलंय

नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही फोटोत किंवा रीलमध्ये नक्की पाहिलं असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती गावाला अजिबात आवडत नाही. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथे.

२००६ सालची गोष्ट. इथल्या पोल्ट्रींमध्ये कोंबड्या मरायला लागल्या. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, मानमोडी आली. मानमोडी म्हणजे राणीखेत, पोल्ट्रीवाल्यांचा जुना शत्रू. पण मरणाऱ्या कोंबड्यांचा आकडा थांबेना. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला सरकारने जाहीर केलं की हा एच५एन१ आहे. मग पांढरे पोशाख घातलेली पथकं आली, जेसीबीने खड्डे खणले गेले आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या. आजारी होत्या त्या तर गेल्याच, पण शेजारच्या शेडमधल्या धडधाकट होत्या त्याही गेल्या. सरकारी भाषेत याला ‘शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट’ म्हणतात. ज्यांनी कर्ज काढून शेड उभी केली होती, त्यांनी काय म्हटलं असेल ते सोडून देऊ.

पंधरा वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, त्याच नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला. पुन्हा खड्डे, पुन्हा लाखो कोंबड्या.

दर हिवाळ्यात अशी बातमी आली की कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो. कोरोनात माणसांना लस दिली, मग कोंबड्यांना का नाही देत? मारता कशाला? प्रश्न भाबडा वाटतो, पण तो बरोबर आहे. पोल्ट्रीतल्या कोंबडीला मानमोडीची लस मिळते, गंबोरोची मिळते, मरेकची मिळते, देवीचीही मिळते. मग याच रोगाचं घोडं कुठे अडलंय?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. बर्ड फ्लूची लस आहे. अनेक वर्षांपासून आहे. काही देश ती देतातही. तरीही भारतात ती दिली जात नाही, आणि त्यामागची कारणं समजून घ्यायची तर आधी हा विषाणू कोंबडीच्या पोटात जाऊन काय करतो ते बघावं लागेल.

बदकात गपगुमान, कोंबडीत हाहाकार

बर्ड फ्लू म्हणजे पक्ष्यांमधला इन्फ्लुएंझा ए. त्याच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं काट्यांसारखी उभी असतात. एक एच, दुसरं एन. एच पेशीला चिकटून आत शिरायला मदत करतं, एन नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीपासून मोकळं करतं. पक्ष्यांमध्ये एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार पूर्वीपासून माहीत आहेत. त्यांच्या जोड्यांवरून एच५एन१, एच५एन८, एच९एन२ ही नावं पडतात. गाडीच्या नंबर प्लेटसारखं समजा.

या विषाणूचं मूळ घर म्हणजे रानबदकं आणि पाणथळीतले इतर पक्षी. बदकाच्या आतड्यात तो वाढतो, विष्ठेतून पाण्यात जातो, ते पाणी दुसरं बदक पितं. बहुतेक वेळा बदकाला त्याचा फारसा त्रासही होत नाही. हजारो वर्षांचा शेजार आहे त्यांचा.

घोळ होतो तो कोंबडीत आल्यावर. एच प्रथिन कामाला लागण्यापूर्वी त्याला एका ठरावीक जागी काप बसावा लागतो. हा काप देणारी कात्री म्हणजे पक्ष्याच्या शरीरातलंच एक एन्झाइम. साध्या, सौम्य विषाणूला लागणारी कात्री फक्त श्वासनलिकेत आणि आतड्यात मिळते. म्हणून तो तिथेच घुटमळतो. कोंबडी थोडी मलूल होते, अंडी कमी देते, बस्स.

पण एच५ आणि एच७ या दोन प्रकारांत कधीकधी कापाच्या जागेवर असा बदल होतो की शरीरात सगळीकडे मिळणारी कात्रीही तिथे चालते. मग विषाणूला आतड्यात अडकून राहायची गरजच उरत नाही. मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंड, सगळीकडे तो वाढतो. तुरा निळा-जांभळा पडतो, डोकं सुजतं, पायांवर लाल डाग उठतात. बरेचदा तर लक्षणं दिसायच्या आतच कोंबडी मरते. संध्याकाळी ठीक असलेल्या शेडमध्ये सकाळी मेलेल्या कोंबड्यांचा ढीग दिसतो. दोन-चार दिवसांत शेड रिकामी होऊ शकते. तज्ज्ञ ज्याला अतितीव्र बर्ड फ्लू म्हणतात तो हाच.

पोल्ट्रीत तो पोचतो कसा?

बातम्यांत सरसकट स्थलांतरित पक्ष्यांवर खापर फोडलं जातं. ते अर्धं खरं आहे. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांमध्ये एच५एन१ चा एक वाण सापडला. आज जगभर जो धुमाकूळ चाललाय तो याच वाणाच्या वंशजांचा. म्हणजे सुरुवात पाळीव पक्ष्यांतून झाली, रानपक्ष्यांत तो नंतर गेला. २००५ मध्ये चीनच्या चिंघाई सरोवरावर हजारो पक्षी मेले, त्यात पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने होते. हिमालय ओलांडून आपल्याकडे जायकवाडी, उजनीच्या पाण्यावर येणारे हेच पट्टकादंब. त्यानंतर विषाणू आशियातून युरोप आणि आफ्रिकेत पोचला आणि पुढच्याच वर्षी नवापूर झालं.

म्हणजे लांबचा प्रवास पक्षी घडवतात, हे खरं. पण जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, एका पोल्ट्रीतून दुसऱ्या पोल्ट्रीत तो नेतो तो बहुतेक वेळा माणूस. अंड्यांचे ट्रे एका शेडवरून दुसऱ्या शेडवर फिरतात. कोंबड्यांचे क्रेट न धुता परत येतात. खाद्याची गाडी एकाच दिवशी पाच फार्मवर जाते. लस टोचणारा, चोच कापणारा माणूस त्याच चपलांनी सगळीकडे फिरतो. कोंबडखत उघड्या ट्रॉलीतून शेतावर जातं. यातल्या कशालाही चिकटलेली ओली विष्ठा पुरेशी असते.

थंडीत हा रोग का वाढतो, तेही यातूनच कळतं. थंड पाण्यात आणि थंड, ओल्या विष्ठेत हा विषाणू अनेक दिवस, कधी काही आठवडेही टिकतो. कडक उन्हात आणि कोरड्या जागी तो लवकर मरतो. साबणाच्या पाण्यानेही मरतो, कारण कोरोनासारखंच त्याच्याभोवती चरबीचं आवरण असतं. त्यामुळे फार्मच्या दारातली औषधी पाण्याची टाकी आणि आत वापरायचे वेगळे गमबूट, हे दिसायला किरकोळ वाटलं तरी फार मोठं काम करतात.

केरळमधल्या कुट्टनाडमध्ये २०१४ मध्ये आणि त्यानंतरही वारंवार जे झालं, त्यात दोन्ही वाटा एकत्र दिसतात. भाताच्या कापणीनंतर शेतात चरायला सोडलेली हजारो पाळीव बदकं, त्याच पाण्यावर उतरणारे रानपक्षी आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात हाकले जाणारे कळप. विषाणूला याहून सोयीची जागा सापडणं अवघड.

बरं, मग लस

बर्ड फ्लूची नेहमीची लस म्हणजे मारलेला विषाणू तेलात मिसळून बनवलेलं इंजेक्शन. आणि पहिली अडचण इथेच आहे. इंजेक्शन.

मानमोडीची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून देता येते. दहा हजार कोंबड्यांच्या शेडला सकाळी तहानलेलं ठेवायचं, पाण्यात लस मिसळायची, काम झालं. हे जमतं कारण ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. फ्लूच्या बाबतीत असं जिवंत विषाणू वापरणं धोक्याचं असतं. फ्लूचे दोन वाण एकाच पेशीत भेटले तर जनुकांची अदलाबदल करतात आणि सौम्य विषाणूचा तीव्र विषाणू होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक कोंबडी हातात धरा आणि टोचा. तेही साधारणपणे एकदा नाही, किमान दोनदा.

दुसरी अडचण वयाची. ब्रॉयलर कोंबडी जगते किती? पस्तीस ते बेचाळीस दिवस. लस दिल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे संरक्षण येईपर्यंत तिची दुकानात जायची वेळ झालेली असते. अंड्यांची लेयर कोंबडी मात्र दीड वर्षाच्या आसपास राहते आणि पिल्लं देणाऱ्या ब्रीडर कोंबड्याही बराच काळ पाळल्या जातात. तिथे लसीचा हिशेब बसतो. अलीकडे हॅचरीतच एक दिवसाच्या पिल्लाला देता येईल अशी लसही आली आहे. मरेकच्या लसीत वापरतात त्या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एच५ चा तुकडा बसवलेला असतो. यामुळे मजुरी वाचते, पण किंमत वाढते.

या झाल्या कष्टाच्या आणि पैशाच्या अडचणी. खरी अडचण तिसरी आहे, आणि ती नीट समजली की अर्धा वाद संपतो.

ही लस कोंबडीला मरण्यापासून वाचवते. पण लागण होण्यापासून ती नेहमीच वाचवते असं नाही. लस घेतलेल्या कोंबडीच्या शरीरात विषाणू शिरू शकतो, थोडाफार वाढू शकतो आणि विष्ठेतून बाहेर पडू शकतो. प्रमाण बरंच कमी असतं, लागण व्हायला विषाणूही जास्त लागतो. लस चांगली असेल, फिरणाऱ्या वाणाशी जुळणारी असेल आणि कळपातल्या जवळपास सगळ्यांना मिळाली असेल, तर साखळी तुटते. पण लस जुनी झाली असेल किंवा निम्म्या कोंबड्या सुटल्या असतील, तर? तर शेड वरून निरोगी दिसते. कोणी मरत नाही, अंडी चालू असतात, गाड्या ये-जा करत असतात, आणि विषाणू शांतपणे गावोगाव फिरत असतो.

बिनलसीच्या शेडमध्ये मेलेली कोंबडी हाच सायरन असतो. लस दिली की हा सायरन बंद होतो. त्याच्या जागी दुसरा सायरन बसवला नाही, म्हणजे नियमित नमुने तपासले नाहीत, तर आपण आंधळे होतो.

असा दुसरा सायरन बसवता येतो. एक जुनी युक्ती म्हणजे कळपातल्या काही कोंबड्या मुद्दाम लसीशिवाय ठेवायच्या आणि त्यांच्यावर नजर ठेवायची. खाणीत पूर्वी पिंजऱ्यातला पक्षी नेत, तसंच. दुसरी युक्ती रक्ततपासणीची. लसीत विषाणूचा फक्त एच५ तुकडा असेल, तर लस घेतलेल्या कोंबडीच्या रक्तात फक्त त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं सापडतील. विषाणूच्या आतल्या भागांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तर समजायचं की खराखुरा विषाणू येऊन गेलाय. हे सगळं जमतं, फक्त त्यासाठी प्रयोगशाळा, माणसं आणि पैसा लागतो. तोही एकदा नाही, दर महिन्याला.

ज्यांनी लस दिली त्यांचं काय झालं?

मेक्सिकोने १९९५ मध्ये एच५एन२ विरुद्ध लस सुरू केली. तीव्र साथ आटोक्यात आली. पण सौम्य वाण देशात फिरतच राहिला आणि लसीपासून लांब लांब बदलत गेला. इजिप्तने २००६ नंतर मोठ्या प्रमाणावर लस दिली. मोठ्या फार्मना ती मिळाली, गच्चीवर आणि अंगणात पाळलेल्या कोंबड्यांपर्यंत नीट पोचली नाही. विषाणू तिथे कायमचा मुक्कामाला राहिला आणि माणसांनाही लागण होत राहिली. लसीच्या विरोधात बोलणारे ही दोन उदाहरणं हमखास देतात.

पण चीनचं उदाहरण उलट आहे. तिथे २०१३ पासून एच७एन९ नावाचा वाण बाजारातल्या कोंबड्यांमधून माणसांना होत होता. कोंबड्यांना त्याचा सुरुवातीला काहीच त्रास होत नव्हता, म्हणून तो शोधायलाही अवघड. २०१६-१७ च्या एका लाटेत साडेसातशेहून जास्त माणसांना लागण झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये चीनने देशभर कोंबड्यांना एच५ आणि एच७ अशी दुहेरी लस द्यायला सुरुवात केली. पुढच्या हंगामात माणसांमधले रुग्ण किती? तीन. कोंबडीला दिलेल्या लसीने माणूस वाचवल्याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं सापडणार नाही. लक्षात घ्या, चीन लसीचा वाण ठरावीक काळाने बदलतो आणि बाजारांतून सतत नमुने गोळा करतो.

आणि फ्रान्स. तिथे बदकांचा मोठा धंदा आहे. २०२१-२२ च्या हंगामात फ्रान्समध्ये साथीचे १,३०० हून जास्त उद्रेक झाले, कोट्यवधी पक्षी मारले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने व्यावसायिक फार्मवरच्या बदकांना लस सक्तीची केली. कोंबड्यांना नाही, फक्त बदकांना. कारण बदक आजारी दिसायच्या आधीच भरपूर विषाणू बाहेर टाकतं, साथ पसरवण्यात त्याचा वाटा सर्वात मोठा होता. २०२३-२४ च्या हंगामात उद्रेक झाले दहा. रानपक्ष्यांमधलं प्रमाणही त्या वर्षी युरोपभर कमी होतं, त्यामुळे सगळं श्रेय लसीला देता येणार नाही. पण बराच वाटा तिचाच आहे.

याची किंमत फ्रान्सला दुसरीकडे मोजावी लागली. लसीकरण सुरू होताच अमेरिकेने फ्रान्सच्या पोल्ट्री मालावर निर्बंध घातले. कारण तेच, बंद पडलेला सायरन. तुमचे पक्षी निरोगी दिसतात, पण आत विषाणू नाही याची खात्री काय?

गंमत म्हणजे याच अमेरिकेत पुढे काय झालं बघा. २०२२ पासून तिथे १६ कोटींहून जास्त पक्षी या साथीत गेले. मार्च २०२५ मध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव सव्वासहा डॉलरच्या घरात गेला. अंडीवाले म्हणाले लस द्या. चिकनवाले म्हणाले अजिबात नको, आमची निर्यात बुडेल. तिथे सरकारने एका लसीला सशर्त परवाना दिला, पण वापर सुरू केला नाही. म्हणजे विज्ञान एकच, पण कोंबडी अंड्याची आहे की मांसाची, यावर मत बदलतं.

आपल्याकडचा नियम

भारताचं धोरण आजवर ‘शोधा आणि मारा’ असंच राहिलं आहे. २०२१ च्या केंद्राच्या कृती आराखड्यानुसार उद्रेक झालेल्या ठिकाणापासून १ किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र. तिथल्या सगळ्या कोंबड्या, अंडी, खाद्य नष्ट करायचं. तिथपासून १० किलोमीटरपर्यंत निगराणी. वाहतूक बंद, बाजार बंद, नमुने भोपाळला. हे धोरण अगदीच फसलं असं म्हणता येत नाही. नवापूर २००६ मध्ये विझलं, नंतरच्या अनेक साथी विझल्या आणि प्रत्येक वेळी भारताने स्वतःला रोगमुक्त जाहीर केलं. निर्यातीसाठी ते लागतं. महाराष्ट्रासह चार राज्यांमधल्या २६ पोल्ट्री कंपार्टमेंटना रोगमुक्त म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता २०२३ मध्ये मिळाली, त्यामागेही ‘आमच्याकडे लस नाही, रोग आला तर दिसतो’ हाच युक्तिवाद उपयोगी पडतो.

पण याचा भार कोण उचलतं? २०२१ च्या साथीत महाराष्ट्रात ठरलेले भरपाईचे दर असे होते: आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या ब्रॉयलरला ७० रुपये, अंड्याला ३ रुपये. अंड्यावर आलेली कोंबडी उभी करायला चार-पाच महिन्यांचं खाद्य, पिल्लू, औषध, वीज, मजुरी लागते. नव्वद रुपयांत तिचं खाद्यही निघत नाही. शिवाय भरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या कोंबडीची. रोगाने आधीच मेली तिची नाही. हा नियम मुद्दाम तसा ठेवलाय, म्हणजे शेतकऱ्याने लवकर कळवावं. पण दर इतका कमी असेल तर काहीजण उलटाच विचार करतात: कळवण्यापेक्षा उरलेल्या कोंबड्या आज रात्रीच गाडीत भरून विकून टाकू. ती एक गाडी मग सगळ्या तालुक्याचं नुकसान करते. माझं स्पष्ट मत आहे की लसीवर वाद घालण्याआधी हा दर सुधारायला हवा. मारण्याचं धोरण ठेवायचंच असेल, तर मारलेल्याची किंमत तरी पुरी द्या.

यात आणखी एक गंमत. सौम्य प्रकारच्या एच९एन२ विरुद्धची लस भारताने परवानगी देऊन बाजारात आणली आहे, ती भोपाळच्याच राष्ट्रीय संस्थेने तयार केली. एच९एन२ कोंबड्या फारशा मारत नाही, पण अंडी घटवतो आणि देशभर मुरलेला आहे. त्याला मारून संपवणं शक्यच नव्हतं, म्हणून लस. थोडक्यात, जो विषाणू हाताबाहेर गेला त्याला लस आणि जो अजून विझवता येतो त्याला खड्डा, असा सरकारचा हिशेब आहे.

प्रश्न इतकाच की एच५एन१ अजून विझवण्यासारखा राहिलाय का? २०२० नंतर जो नवा वाण पसरलाय, तो अंटार्क्टिकापर्यंत गेला. दक्षिण अमेरिकेत हजारो समुद्रसिंह मेले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत तो चक्क दुधाच्या गायींमध्ये सापडला. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यातल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तपासणीत एच५एन१ निघाला. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या उदगीरमध्ये कावळे पटापट पडले, तोच. कावळे आणि वाघांना होणारा रोग फक्त पोल्ट्रीतल्या कोंबड्या मारून कसा संपणार?

आणि आपलं काय? चिकन खायचं का?

खायचं. नीट शिजवलेलं चिकन आणि पूर्ण उकडलेली अंडी यांतून हा रोग होत नाही. ७० अंशांवर, आतपर्यंत शिजलं की विषाणू मरतो. आपला रस्सा त्याहून कितीतरी गरम असतो, कुकरचं तर विचारूच नका. साथ जवळपास असेल तेव्हा हाफ फ्राय आणि कच्चं अंडं घातलेलं मेयोनीज टाळा. कच्चं चिकन कापलेल्या पाटावर तसंच कोशिंबिरीचं काकडी-टोमॅटो कापू नका. मांजराला कच्चे तुकडे टाकायची सवय असेल तर सोडा, मांजरांना हा रोग फार वाईट होतो.

माणसाला तो सहज होत नाही, कारण पक्ष्यांचा विषाणू ज्या प्रकारच्या कुलपांना चिकटतो ती आपल्या नाका-घशात कमी आणि फुप्फुसात खोल असतात. म्हणून लागण अवघड, पण झाली तर न्यूमोनिया गंभीर. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये पहिल्यांदा माणसं आजारी पडली तेव्हा १८ पैकी ६ दगावले. २००३ पासून जगभरात साडेनऊशेहून जास्त रुग्णांची नोंद झाली, त्यातले निम्म्याच्या आसपास गेले. सौम्य आजारी पडलेले बरेचजण नोंदीतच येत नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण कमी असणार. भारतात पहिला मृत्यू २०२१ मध्ये झाला, हरियाणातला एक लहान मुलगा. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी गेली. तिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ल्याचं सांगण्यात आलं.

माणसाकडून माणसाला तो अजून सहज पसरत नाही. पण प्रत्येक लागण झालेली शेड म्हणजे विषाणूला बदलण्याची आणखी एक संधी. ही गोष्ट लसीच्या बाजूने मोजायची की विरोधात, यावर शास्त्रज्ञांमध्येही वाद आहे. लसीने एकूण विषाणू कमी होतो, म्हणजे संधी कमी. अर्धवट लसीने तो लपून राहतो, म्हणजे संधी जास्त.

एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत केंद्र सरकार, शास्त्रज्ञ आणि पोल्ट्री उद्योगाची बैठक झाली. फार्मची सक्तीची नोंदणी, कडक जैवसुरक्षा, जास्त तपासणी यावर भर द्यायचं ठरलं, आणि लसीवरही चर्चा झाली. अतितीव्र बर्ड फ्लूच्या लसीला परवानगी नाही, हे धोरण तेव्हा कायम होतं. भोपाळमध्ये देशी लस बनवण्याचं काम सुरू आहे. लस आलीच, तर आधी ब्रीडर आणि लेयरसाठी यावी, ब्रॉयलरचा विचार नंतर, असं मला वाटतं. फार्मची नोंदणी, महिन्याची तपासणी आणि फार्मवाल्याचा फोन नंबर, हे सगळं तिथे शक्य आहे.

अवघड आहे ते परसातल्या कोंबडीचं. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी पक्षी मोजले गेले, त्यातले जवळपास ३२ कोटी घराघरांतले. नवापूर-धडगावच्या पाड्यावर एका घरी पाच, दुसऱ्या घरी आठ कोंबड्या असतात. बाईचा हातखर्च, पाहुण्यांचं जेवण आणि अडीअडचणीचा पैसा त्यातूनच निघतो. मानमोडीची लस तिथे आजही धड पोचत नाही, कारण बाटली शंभर किंवा हजार कोंबड्यांची येते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा तयार केली की काही तासांत संपवावी लागते. सगळ्या पाड्यावर मिळून साठच कोंबड्या असतील, त्याही दिवसभर रानात आणि संध्याकाळी झाडावर, तर त्या पकडून दोनदा टोचायचं कोणी, हे अजून कोणत्याही आराखड्यात नीट लिहिलेलं नाही.